काटकसर ताटातून नको

पैशाची चणचण भासू लागली की घरातला कोणता खर्च सर्वांत आधी कमी होतो? आमच्या पाहण्यात आले आहे ते असे की, आधी डाळ पातळ होते. मग मुलांचे दूध जाते, अंडी घरी खाण्याऐवजी दुकानात विकली जातात, आणि शेवटी घरातली बाई म्हणते, “मला काय, मी पेजेवर राहीन.” चहा, तंबाखू, मोबाइलचे रिचार्ज आणि सावकाराचे व्याज मात्र पूर्वीसारखेच चालू राहते.

असे दिवस आपल्या भागाने अलीकडेच दोनदा पाहिले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या शेतांत पाणी शिरले आणि उभे पीक कुजले. त्यातून सावरतो न सावरतो तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. लोंढ्यासारख्या जंक्शनच्या गावात गाड्यांचा आवाज थांबला. गोव्यात हॉटेलात, बांधकामावर, बोटींवर काम करणारे आपल्याकडचे पुष्कळ तरुण घरी बसले. दरमहा येणारा पैसा बंद आणि खाणारी तोंडे वाढलेली, अशी ती स्थिती होती. ज्या घरात तांदूळ, कुळीथ, आमसूल, सुकी मासळी भरलेली होती आणि डोक्यावर खाजगी कर्ज नव्हते, त्या घराने ते महिने कसेबसे काढले. ज्या घरात रोजचे रोज आणून खाण्याची सवय होती, त्याला पहिल्याच पंधरवड्यात उसनवारी करावी लागली. म्हणून ह्या वेळी आम्ही कमी कुठे करावे आणि कुठे करू नये, ह्याविषयी लिहीत आहोत.

आधी व्याजाकडे पाहू, कारण सर्वांत मोठे भोक तिथेच असते. ‘शेकडा तीन’ हा शब्द ऐकायला हलका वाटतो. पण तो दर महिन्याचा असतो, हे पैसे घेताना पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वीस हजार रुपये शेकडा तीनने घेतले तर महिन्याला सहाशे, वर्षाला सात हजार दोनशे रुपये नुसते व्याज. तीन वर्षांत एकवीस हजार सहाशे रुपये देऊन होतात, आणि मूळ वीस हजार जसेच्या तसे उभे! घरात वर्षभर डाळ पातळ करून जेवढे वाचेल, त्याहून जास्त ह्या एका कर्जापायी जाते.

शेतीसाठी पैसा लागत असेल तर पीकेपीएस, म्हणजे आपली गावची सोसायटी, हे पहिले दार आहे. कर्नाटकात वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्याला सोसायटीमार्फत अल्पमुदतीचे पीककर्ज बिनव्याजी देण्याची योजना आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात तिची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेण्यात आली. प्रत्यक्षात सोसायटीच्या ऐपतीप्रमाणे आणि जमिनीच्या कागदपत्रांप्रमाणे कमी रक्कम मिळते, हे खरे. तरीसुद्धा बिनव्याजी मिळालेले तीस हजार हे शेकडा तीनच्या एक लाखापेक्षा बरे. फेडीची तारीख चुकवली की सवलत जाते, म्हणून ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

सहकारी पतसंस्थेचा हा मार्ग आपल्याला परका नाही. गदगजवळच्या कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा पाटील यांनी १९०५ साली शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था काढली. ती देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी गणली जाते. एकट्याला सावकार उभा करत नाही, पण दहा जण एकमेकांना जामीन राहिले की स्वस्तात पैसा मिळतो, हा त्यामागचा साधा हिशेब. जर्मनीत राइफाइझेन ह्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात, दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी हेच केले होते. आज आपल्या बायकांचे स्त्रीशक्ती गट त्याच वाटेने जातात. गटाची वही नीट लिहिली जात असेल तर त्यात राहण्यासारखे दुसरे शहाणपण नाही.

घरोघर येऊन आठवड्याचा हप्ता गोळा करणाऱ्या कंपन्यांबाबत मात्र जपून राहावे. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढणे, ही बुडण्याची पहिली खूण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने वटहुकूम काढून जबरदस्तीने वसुली करण्यास बंदी घातली. दारात बसून शिवीगाळ करणाऱ्याविरुद्ध आता पोलिसांकडे जाता येते. पण नोंदणी असलेल्या कंपनीचे कर्ज त्यामुळे माफ होत नाही, ह्याचा विसर पडू देऊ नये.

भिशीविषयी आम्ही अनुभवाचे बोलतो. आमच्याही घरून एका भिशीत पैसे गेले आणि चालवणारा एके दिवशी दिसेनासा झाला. तेव्हापासून आमचा नियम असा: माणसे बारा-पंधराहून जास्त नसावीत, सर्व जण एकमेकांच्या ओळखीचे असावेत, आणि पैसा ज्या दिवशी गोळा होतो त्याच दिवशी ज्याची पाळी त्याच्या हातात जावा. मध्ये कुणाच्या पेटीत रात्रभरसुद्धा राहू नये.

आता बेगमीकडे येऊ. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्या गोव्याकडच्या. तिथे पावसाळी बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण रीत पावसाने शिकवली. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर काय पाऊस कोसळतो, ते लोंढा-कॅसलरॉकच्या माणसाला सांगायला नको. आता दुकान जवळ आहे, मग भरून कशाला ठेवायचे, असे सुना विचारतात. त्याचे उत्तर भावात आहे. सुगीत जो जिन्नस स्वस्त असतो तोच पावसाळ्यात महाग होतो, आणि पाच-दहा रुपयांच्या पुड्यांनी तो आणखी महाग पडतो. काजूचे पैसे एप्रिल-मे मध्ये हातात येतात. ते पैसे खर्चाला लागण्याआधी कुळीथ, तूर, मिरची, मीठ, गूळ एवढे तरी घरात आणून टाकावे.

पण भरून ठेवलेले टिकले तरच ती बेगमी. एका वर्षी आम्ही हौसेने पोतेभर कांदे स्वस्तात घेतले आणि पोत्यातच ठेवले. जुलैमध्ये अर्ध्याहून अधिक सडले. कांदा पातळ थराने, वारा लागेल अशा जागी पसरावा किंवा जुड्या बांधून टांगावा, हे त्या वर्षी नाकाला कळले.

धान्याचे मुख्य सूत्र एकच, ते कोरडे हवे. दाणा दाताखाली धरून पाहावा. ‘कट्’ आवाज होऊन तुटला तर वाळला, चेपला तर आणखी दोन उन्हे द्यावीत. उन्हातून काढलेले धान्य गरम असतानाच कणगीत भरू नये. ते रात्रभर निवू द्यावे, नाहीतर आतल्या आत घाम सुटून बुरशी धरते. कणगी किंवा पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवावीत. कडधान्याला भुंगा फार लागतो. खायच्या कडधान्याला किलोमागे लहान चमचाभर खाद्यतेल चोळून ठेवावे, आणि बियाण्याचे कडधान्य चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळावे. दोन्ही उपाय जुनेच आहेत आणि कृषी खात्याचे लोकही ते सांगतात.

धान्यात घालायच्या विषारी गोळ्या, ज्यांना लोक ‘सल्फास’ म्हणतात, त्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. दोन पोती तांदूळ वाचवण्यासाठी एवढा धोका पत्करायचा नाही. तसेच बुरशी धरलेले भुईमुगाचे दाणे ‘भाजले की चालतात’ म्हणून खाऊ नयेत. त्या बुरशीचे विष भाजण्याने पुरते जात नाही आणि यकृतावर घाव घालते. असे दाणे जनावरांनाही नकोत.

सुकी मासळी घेतली की पुन्हा एकदा कडक ऊन देऊन घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी खारे बांगडे आणि लोणचे पावसाळाभर रोज खाणे बरे नव्हे. भिजत घालून दोनदा पाणी बदलले तर मीठ पुष्कळ उतरते.

ताटाविषयी आमचे म्हणणे स्पष्ट आहे: महाग जिन्नस कमी करा, पण पोषण कमी करू नका. शंभर ग्रॅम कुळथात वीस ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, म्हणजे तूरडाळीच्या जवळपास. कुळथाची पिठी, सार, मोड आलेल्या कुळथाची उसळ हे पदार्थ आपल्या चुलीवर पिढ्यान् पिढ्या शिजत आले. ‘गरिबाचे खाणे’ म्हणून ते हल्ली मागे पडले, हा आमच्या मते शुद्ध वेडेपणा. नाचण्यात तांदळाच्या तीसपट तरी कॅल्शियम असते. बाळाला विकतच्या डब्याऐवजी, सहा महिन्यांनंतर, आईच्या दुधाबरोबरच नाचण्याचे सत्त्व द्यावे. शेवग्याचा पाला कुंपणावर फुकट वाढतो. फणसाच्या आठळ्या टाकून न देता धुऊन, वाळवून ठेवल्या तर श्रावणात भाजीला होतात. भाताची पेज ओतून टाकू नये, तिच्यात भातातून उतरलेली जीवनसत्त्वे असतात. आणि चार गावठी कोंबड्या असतील तर निदान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या वाटणीची अंडी विकू नयेत. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. त्या विकलेल्या अंड्याच्या पैशांतून तेवढे पोषण बाजारात मिळत नाही.

मूठभर धान्याची बचतही हिशेबात घेण्यासारखी आहे. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. तिकडे त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. मूठ चाळीस ग्रॅमची धरली आणि दिवसातून दोन वेळा काढली, तर महिन्याला जवळजवळ अडीच किलो होतात. आपल्या घरातही हा डबा ठेवता येईल, अडल्या दिवसासाठी किंवा शेजारच्या अडलेल्या घरासाठी. मूठ भांड्यात पडण्याआधीच काढायची असल्याने ती कुणाला जाणवत नाही.

जळणात पुष्कळ पैसा वाचतो. कडधान्य रात्री भिजत घालावे, कुकर नसेल तर निदान झाकण ठेवून शिजवावे. लाकूड पावसाआधी तोडून, फोडून, छपराखाली रचावे. ओले लाकूड धूर जास्त देते, आच कमी, आणि बायकांची छाती-डोळे त्यात जातात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने ‘अस्त्र ओले’ नावाची धुराड्याची चूल काढली होती. तीत एकाच आचेवर तीन भांडी बसतात. तशी चूल गवंड्याकडून घरी घालून घेता येते. चार-पाच जनावरे असतील तर दोन घनमीटरच्या गोबरगॅसचा विचार करावा. त्याला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते आणि चांगला चालला तर महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडरांचे काम होते. पावसाळ्यात-थंडीत गॅस थोडा कमी येतो. शेण वाया जात नाही, उलट बाहेर पडणारी रबडी शेतात कच्च्या शेणापेक्षा लवकर लागू पडते.

विजेसाठी गृहज्योती योजना २०२३ मध्ये सुरू झाली. दोनशे युनिटांपर्यंत सवलत आहे, पण एकही युनिट वर गेले की सबंध बिल भरावे लागते. वीज फुकट म्हणून पंखे चालू ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी सुरू झालेल्या गृहलक्ष्मीच्या दोन हजारांतले पाचशे तरी बाईने आपल्या नावावर पोस्टात टाकावेत. ते कुणाच्या कर्जाच्या हप्त्याला देऊ नयेत.

टपरीवरचा दहा रुपयांचा चहा दिवसातून दोनदा घेतला तर वर्षाला सात हजारांच्या वर जातात. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही. आम्हालाही तो लागतो, पण घरचा दोन-तीन रुपयांत होतो. लग्नातल्या रोसाला आणि जेवणावळीला कर्ज काढण्याविषयी ह्या पानावर आधी बरेच लिहून झाले आहे, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही.

राहिले औषध. रक्तदाबाची, साखरेची, फिटची गोळी ‘एक दिवसाआड’ घेऊन वाचवलेले पैसे पुढे बेळगावच्या दवाखान्यात कित्येक पटींनी मोजावे लागतात. स्वस्त हवी असेल तर डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगावे आणि जनऔषधी दुकानात तेच औषध विचारावे. तिथे ते पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, ती पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीत. पावसाळ्यात मुलाला जुलाब लागले तर सलाइनची घाई करू नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजत राहावे, अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र जवळ पैसे असोत-नसोत, त्याच तासाला सरकारी दवाखान्यात न्यावे.