चार शपथा आणि साडेतीन वर्षं: वसंतदादा पाटील नेमके किती वेळ मुख्यमंत्री होते?

मागच्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी फोनवर नोटिफिकेशन बघत बघत सरकारं पडताना पाहिली. कोण कुठल्या हॉटेलात, कोणाकडे किती आमदार, वगैरे. त्यामुळे आज जरा मागे जाऊ. वसंतदादा पाटील. नाव तुम्ही ऐकलेलं असणारच, निदान एखाद्या कॉलेजच्या किंवा साखर कारखान्याच्या पाटीवर तरी.

दादांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ चार वेळा घेतली: १९७७, १९७८, १९८३ आणि १९८५. आता सगळे दिवस एकत्र जोडा. जेमतेम साडेतीन वर्षं होतात! म्हणजे पाच वर्षांची एक टर्मसुद्धा नाही.

मूळ माणूस सांगली जिल्ह्यातल्या पद्माळ्याचा, जन्म १९१७. आई-वडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. कॉलेजची पायरी कधी चढले नाहीत. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) जुलै १९४३ मध्ये सांगलीच्या जेलमधून साथीदारांसह पळाले, खांद्यात गोळी लागली, दोन साथीदार मारले गेले. स्वातंत्र्यानंतर सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला. दादांची खरी ताकद इथे होती. मंत्रिपद गेलं तरी कारखाना, बँक, सोसायट्या आणि तिथली माणसं हातात राहतात. दिल्लीने खुर्ची काढून घेतली तरी गावातला माणूस ‘दादां’कडेच येणार.

१९७६ मध्ये, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, दादा मंत्रिमंडळाबाहेर गेले. त्यांनी राजकीय संन्यासाची भाषा केली. पण आणीबाणीनंतरच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसची दाणादाण उडाली, चव्हाण गेले आणि १९७७ मध्ये संन्यासी थेट मुख्यमंत्री झाले.

मग आलं १९७८. काँग्रेस फुटलेली होती. विधानसभेत जनता पक्षाला ९९ जागा, दादांच्या रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन काँग्रेसनी मिळून सरकार केलं. दादा मुख्यमंत्री, इंदिरा गटाचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्रातलं हे पहिलं उपमुख्यमंत्रिपद, बरं का! संसार चार महिनेच टिकला. जुलैमध्ये दादांच्याच मंत्रिमंडळातले शरद पवार सुमारे चाळीस आमदार घेऊन बाहेर पडले, जनता पक्षाबरोबर ‘पुलोद’ सरकार केलं आणि ३७व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. पक्षांतरबंदी कायदा तेव्हा नव्हताच, तो १९८५ मध्ये आला. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग आजही टीव्हीवर ऐकता ना? पवारांच्या संदर्भात तो या जुलैपासून चिकटलाय. पवारांची बाजू वेगळी आहे: सरकार आतूनच पोखरलेलं होतं, तिरपुडे रोज आपल्याच सरकारवर टीका करत होते. मला विचाराल तर सरकार पडणारच होतं. प्रश्न फक्त कोणाच्या हातून, एवढाच होता.

दादा घरी बसले का? नाही. इंदिरा गांधींकडे गेले, १९८० मध्ये सांगलीतून खासदार झाले, पक्षाचे सरचिटणीस झाले. फेब्रुवारी १९८३ मध्ये बाबासाहेब भोसले यांच्या जागी पुन्हा मुख्यमंत्री.

आणि आता तुमच्या-माझ्या आयुष्याशी थेट संबंध असलेला भाग. तोवर महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्या. ज्यांच्याकडे पैसे होते ते कर्नाटकात जाऊन कॅपिटेशन भरून शिकायचे. १९८३ मध्ये दादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. सरकार अनुदान देणार नाही, संस्थेने खर्च फीमधून काढायचा. पुण्याचं ‘एमआयटी’ त्याच वर्षीचं. आज आयटीत असलेले कितीतरी मराठी मुलं-मुली, त्यांचे आई-बाबा सुद्धा, या निर्णयाच्या दारातून आत आलेत. तालुक्याच्या गावातल्या पोराला मुंबई-पुण्याच्या सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही तरी इंजिनिअर होता येऊ लागलं.

पण हे फुकट झालं नाही. कॉलेजं काढली कोणी? बऱ्याच ठिकाणी राजकारण्यांनीच. साखरसम्राटांच्या जोडीला ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द आला. फी परवडावी म्हणून लोकांनी जमिनी विकल्या, ‘डोनेशन’ हा शब्द घराघरात पोचला. अवघ्या चार वर्षांत, १९८७ मध्ये, कॅपिटेशन फी बंदीचा कायदा याच राज्याला करावा लागला. कॉलेज न पाहिलेल्या माणसाने कॉलेजचं दार उघडलं हे खरंच. पण तिकीट किती लावायचं, हे ठरवायचं राहून गेलं. माझं मत: दार उघडणं बरोबर होतं, कायदा मात्र त्याच दिवशी यायला हवा होता.

मार्च १९८५ मध्ये काँग्रेस १६१ जागांनी जिंकली आणि दादांची चौथी शपथ झाली. बहुमत भक्कम, समोर पवार विरोधात, आता तरी पाच वर्षं? छे! दिल्लीने प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं, दादांना ते पटलं नाही, आणि १ जूनला त्यांनी राजीनामा दिला. तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. सरकार पाडायला यावेळी विरोधकांची गरजच पडली नाही.

पुढे राजस्थानचे राज्यपाल. १९८७ मध्ये तेही पद सोडून परत आले. तोवर पवार काँग्रेसमध्ये परतले होते आणि १९८८ मध्ये पुन्हा मुख्यमंत्रीही झाले. १ मार्च १९८९ रोजी दादा गेले.

सांगलीत मात्र गोष्ट संपलेली नाही. २०२४ च्या लोकसभेला आघाडीच्या वाटपात ही जागा काँग्रेसकडून शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली. दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, आणि निवडून आले.