नाक वर ओढलं म्हणजे विमान वर जात नाही

कासार आंबोलीकरांसाठी हवाई अपघात आता लांबची बातमी नाही. २४ ऑगस्ट २०२४ ला पौडजवळ हेलिकॉप्टर कोसळलं, आतले चौघे वाचले. २ ऑक्टोबरला सकाळी बावधनहून उडालेलं दुसरं काही मिनिटांत पडलं आणि तिघेही गेले. अशा वेळी पहिला तर्क ठरलेला असतो: इंजिन बंद पडलं असणार. हेलिकॉप्टरचं तंत्र निराळं, ते बाजूला ठेवू. पण बारामतीसारख्या ठिकाणी मुलं ज्या छोट्या विमानांवर शिकतात, ती उड्डाण करतानाच हाताबाहेर का जातात, याचं उत्तर पुष्कळदा इंजिनात नसून पंखात असतं.

'स्टॉल' हा शब्दच घोटाळा करतो. मोटार स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं. विमानात स्टॉल होतो तो पंख. हवा पंखाला ज्या कोनात भिडते तो साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला, की पंखाच्या पाठीला धरून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकदम घटते. इंजिन पूर्ण जोरात असतानाही हे घडतं. त्यात चढताना प्रोपेलरमुळे बहुतेक छोट्या विमानांचं नाक डावीकडे ओढलं जातं. उजवा पाय रडरवर वेळेत पडला नाही, तर एक पंख आधी हार मानतो आणि विमान गिरकी घेतं. त्यातून सावरायला शेकडो फूट उंची लागते. नुकत्याच उडालेल्या विमानाकडे ती कुठून असणार?

"चाकं सुटली, आता भीती नाही," हाही समज खोटा. जमिनीलगत, पंखांच्या लांबीएवढ्या उंचीपर्यंत, विमानाला हवेचा जादा आधार मिळतो. त्यामुळे चढण्याजोगा वेग नसतानाही ते तरंगतं. उन्हाळ्यात हे जास्त फसवं. बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. तापमान ४० अंशांवर गेलं, की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ती धावपट्टी १,६५० मीटरवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर असते! इंजिनाची ताकद कमी, पंखांची उचल कमी, धाव लांब. समोर झाडं दिसली की हात आपसूक नाक वर ओढतो, आणि तिथेच घात होतो.

इंजिन खरोखर गेलं तर? मागे वळून धावपट्टी गाठावी, असं कुणालाही वाटेल. पण १८० अंश वळून भागत नाही. वळताना विमान बाजूला सरकतं, रेषेत यायला आणखी वळावं लागतं. ४५ अंश कललं, की स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. म्हणजे वेग घटत असताना गरज वाढते.

इंजिन गेलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. सेस्ना १५२ एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. २५ जुलै २०२२ ला बारामतीचं असंच एक विमान प्रवासात ताकद गेल्यावर इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात आदळलं. एकटी असलेली प्रशिक्षणार्थी मुलगी वाचली. म्हणूनच धावपट्टीवर थ्रॉटल पुढे ढकलण्याआधी वैमानिक मोठ्यानं म्हणून घेतात: इंजिन गेलं, तर नाक खाली, आणि समोर दिसेल त्या शेतात.