नव्या ड्रायव्हरने मालक कधी बदलावा?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहितो. परंतु गळीत हंगाम मध्यावर आला की गट ऑफिसात आणखी एक प्रश्न हमखास येतो. सभासदाचा मुलगा नुकताच ऊस वाहतुकीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागलेला असतो. दोन-तीन महिने होतात न होतात तोच दुसरा कोणी मालक जादा पगार सांगतो. मुलगा म्हणतो, जातो. वडील म्हणतात, थांब. आणि दोघेही आम्हाला विचारतात, साहेब, काय करावं?

हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. आपल्यापैकी काहींची मुले ड्रायव्हर आहेत, तर काहींच्या स्वतःच्या गाड्या कारखान्याकडे करारावर आहेत. भर हंगामात ड्रायव्हर गेला की गाडी उभी राहते आणि तोडलेला ऊस फडात पडून राहतो. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गव्हाणीवर पडावा, हे आपण जाणताच. त्यानंतर वजनही घटते आणि साखरही. म्हणून या विषयाचा नीट विचार करू.

लायसन्स हीच त्याची जमीन

ट्रकचे लायसन्स सहज मिळत नाही. मालवाहू वाहन चालवण्यास वयाची २० वर्षे पुरी व्हावी लागतात. जड वाहन शिकण्याचा परवाना घेण्यापूर्वी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान १ वर्ष हातात असावे लागते. मग शिकणे, परीक्षा आणि डॉक्टरचा दाखला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे लायसन्स ५ वर्षांसाठी मिळते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते.

आपल्याला जशी जमीन, तसे ड्रायव्हरला लायसन्स. पिकाचे एक साल बुडाले तरी जमीन राहते. पण जमीनच गेली तर काय पेरणार? तेव्हा नोकरी बदलताना पहिला प्रश्न पगाराचा नसावा. या मालकाकडे माझा जीव आणि माझे लायसन्स सुरक्षित आहे का, हा असावा.

जिथे एक दिवसही थांबू नये

काही ठिकाणी हंगाम पुरा करण्याचा सल्ला आम्ही कधीच देणार नाही.

गाडीचे ब्रेक धरत नाहीत, टायर गुळगुळीत झालेत, मागचे दिवे व रिफ्लेक्टर नाहीत आणि वारंवार सांगूनही मालक 'चालव तू, बघू नंतर' म्हणतो, ती गाडी सोडावी. रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, मागून न दिसणाऱ्या उसाच्या गाडीवर मोटारसायकल आदळून माणसे दगावतात, हे आपल्या भागात सर्वांना माहीत आहे.

गाडीचा विमा किंवा फिटनेस संपलेला असेल तरी तेच. तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकावर येतो, पण स्टिअरिंगवर ड्रायव्हरच असल्यामुळे पहिली फिर्याद त्याच्यावर होते.

रोजच क्षमतेबाहेर माल भरायला लावत असतील तर तोही इशाराच समजावा. २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड कायद्यात आला. हे कलम गाडी चालवणाऱ्याला लागते आणि चालवायला लावणाऱ्यालाही. 'दंड मी भरीन' असे मालक तोंडी म्हणतो, पण उतारावर ब्रेक तापले तर तिथे मालक नसतो.

झोपेचेही तसेच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा घातली होती. हंगामात गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत रात्र जाते, हे आम्ही पाहतो. पण रात्रभर रांगेत जागलेल्या पोराला सकाळी लगेच पुढच्या खेपेला पाठवणारा मालक त्याला कामाला नव्हे, अपघाताला पाठवतो.

आणि ठरलेला पगार दोन महिने हातात पडला नाही, तर तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नये.

केवळ जादा पगारासाठी जायचे असेल तर

इथे मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावे. एक नमुना हिशेब मांडतो. यातले आकडे समजुतीपुरते आहेत, आपापले आकडे घालून पाहावेत.

समजा, आज मुलाला महिना १६ हजार पगार आहे. शिवाय खेपेमागे १०० रुपये भत्ता. रोज २ खेपा, महिन्यात २५ दिवस, म्हणजे ५ हजार. एकूण २१ हजार. तो घरी जेवतो, घरी झोपतो. बाहेरचा मालक २५ हजार सांगतो, पण वेगळा भत्ता नाही. बाहेरचे जेवण रोज २०० रुपये धरले तरी ३० दिवसांचे ६ हजार. हातात राहिले १९ हजार. चार हजार वाढले असे वाटत होते, प्रत्यक्षात दोन हजार कमी झाले. शिवाय हंगामअखेर मिळणारे बक्षीस असेल तर तेही गेले. दुरून डोंगर साजरे, ते असे.

मात्र हाच हिशेब वर्षाचा मांडला तर चित्र बदलू शकते. आजचा मालक हंगाम संपताच गाडी दारात लावत असेल, तर ५ महिन्यांचे १ लाख ५ हजारच होतात. पुढचे ७ महिने मजुरी मिळाली तर मिळाली. बाहेरचा मालक बारमाही काम देत असेल तर १२ महिन्यांचे २ लाख २८ हजार होतात. म्हणजे जाणे चुकीचे नाही. भर हंगामात जाणे तोट्याचे, हंगाम संपवून जाणे फायद्याचे. बहुतेक घरांत उत्तर या दोहोंच्या मध्येच सापडते.

पहिल्या हंगामाची किंमत

पगाराच्या आकड्यात न दिसणारी आणखी एक कमाई असते. रिकामी गाडी चालवणे वेगळे आणि भरलेली चालवणे वेगळे. ओल्या फडातून भरलेली गाडी न रुतवता काढणे, उसाची बांधणी तपासणे, गर्दीत गाडी मागे घेऊन गव्हाणीला लावणे, उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये उतरणे, टायरच्या आवाजावरून हवा ओळखणे, हे सारे एका हंगामात अंगात मुरते. घराजवळ, ओळखीच्या रस्त्यावर, चूक सांगणारा जुना ड्रायव्हर शेजारी असताना ते शिकलेले बरे. खंबाटकी किंवा बोर घाटात पहिल्यांदा शिकायला जाऊ नये.

आडसाली ऊस १६ ते १८ महिन्यांनी तोडतो तेव्हा उतारा देतो. घाईने कोवळा तोडला तर गाडी भरते, साखर भरत नाही. दोन-दोन महिन्यांत तीन मालक बदललेल्या ड्रायव्हरचे असेच होते. चौथा मालक त्याला गाडी देताना दहादा विचार करतो. उलट एक हंगाम विनाअपघात पुरा केलेल्या मुलाला मालकाचे चार ओळींचे पत्र मिळाले, तर पुढे बारमाही वाहतुकीत, कंटेनरवर किंवा टँकरवर त्याची वाट सोपी होते. स्पिरिट, इथेनॉल यांसारख्या धोकादायक मालाच्या टँकरसाठी तर वेगळे प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. उन्हाळ्यात सवड असते तेव्हा ते करून घ्यावे.

सोडायचे तर रीतीने सोडावे

१. घेतलेली उचल किती, फिटली किती, हे मालकासमोर बसून वहीत लिहून घ्यावे. राहिलेली रक्कम परत करावी किंवा हप्ता ठरवावा. मात्र उचल आहे म्हणून माणसाला बळजबरीने कामावर डांबून ठेवता येत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे.

२. मूळ लायसन्स मालकाकडे तारण म्हणून ठेवू नये. ते स्वतःजवळच असावे.

३. निदान १५ दिवस आधी सांगावे. भरलेली गाडी रस्त्यात सोडून जाऊ नये.

४. नव्या मालकाला चार गोष्टी विचाराव्यात : पगार कोणत्या तारखेला, भत्ता किती, पावसाळ्यात काम काय आणि दंड झाला तर कोण भरणार. गाडी स्वतः पाहावी, कागद पाहावेत. जमल्यास त्याच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरशी बोलावे.

५. मोठ्या कंपनीत प्रॉव्हिडंट फंड कापला जात असेल, तर नोकरी बदलताना तो काढून खर्च करू नये. त्याच खाते क्रमांकावर पुढे चालू ठेवावा.

गाडीमालक सभासदांना दोन शब्द

ड्रायव्हर टिकत नाही, अशी तक्रार आमच्याकडे येते. पगार तारखेला द्या, भत्ता वहीत लिहा, रात्रीच्या रांगेनंतर झोप द्या, ब्रेक आणि दिवे हंगामाआधी करून घ्या. शंभर-दोनशे रुपयांसाठी चांगला ड्रायव्हर सहसा जात नाही. आपल्या शब्दाला मालकाकडे किंमत नाही असे वाटले की तो जातो.

थोडक्यात, जीव, लायसन्स किंवा घामाचा पैसा धोक्यात असेल तर मुलाने आजच गाडी सोडावी, हंगामाचा विचार करू नये. केवळ जादा पगारासाठी जायचे असेल तर हंगाम काढावा, हिशेब पुरा करावा, मालकाचे पत्र घ्यावे आणि मग खुशाल जावे. वडिलांनीही 'थांब' एवढेच न म्हणता मुलासोबत बसून त्या गाडीचे टायर आणि कागद पाहावेत. नुसत्या 'थांब'ने पोरगं ऐकत नाही. हिशेब डोळ्यासमोर आला की ऐकतं.

— ऊस विकास अधिकारी