४१ निळ्या छटा आणि एक राजीनामा

समजा, तुम्हाला गूगलमध्ये जॉब आहे. जेवण फुकट, अधूनमधून मसाज, नवी गॅजेट्स बाजारात यायच्या आधी तुमच्या हातात. आणि एक दिवस तुम्ही घरी येऊन सांगता, ‘आई, जॉब सोडला. एका बॉर्डरच्या जाडीवरून!’ आई काय म्हणेल ते इथे छापण्यासारखं नाही.

डग्लस बोमननं मार्च २००९मध्ये साधारण हेच केलं.

बोमन हा सॅन फ्रान्सिस्कोतला वेब डिझायनर. २००२मध्ये वायर्ड न्यूज या साइटचं रीडिझाइन त्यानं सीएसएस वापरून केलं. बहुतेक साइट्स तेव्हा टेबलांच्या चौकटींत कशाबशा बसवलेल्या असायच्या. एवढी मोठी साइट त्याशिवायही उभी राहते, हे त्यातून दिसलं. मग त्यानं स्टॉपडिझाइन या नावानं स्वतःचं काम सुरू केलं.

आता फ्रीलान्सर म्हटला की आपली युक्ती जपून ठेवणार, बरोबर? यानं उलटं केलं. गोल कोपऱ्यांचे टॅब आज सीएसएसच्या एका ओळीत होतात, तेव्हा होत नसत. बोमननं दोन चित्रं सरकत्या दारांसारखी एकमेकांवर बसवली. आतला मजकूर वाढला की टॅबही रुंद! ही आयडिया त्यानं ऑक्टोबर २००३मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब मासिकात कोडसकट देऊन टाकली. घ्या आणि वापरा.

२००४मध्ये ब्लॉगरचं रीडिझाइन झालं, त्यातही तो होता. तिथलं ‘मिनिमा’ हे साधंसुधं पांढरं टेम्प्लेट त्याचंच. त्या काळात ब्लॉगस्पॉटवरचे मराठी ब्लॉग वाचत असाल, तर ते तुम्ही बहुतेक पाहिलंय, फक्त नाव माहीत नसेल. ब्लॉगर गूगलच्या मालकीचं. २००६मध्ये बोमन त्या क्लायंटच्याच घरी नोकरीला गेला.

आणि तिथे घोडं अडलं. एका टीमला दोन निळ्या रंगांत निवड करता येईना, म्हणून दोन्हींच्या मधल्या ४१ छटांची टेस्ट! एका बॉर्डरची जाडी तीन पिक्सेल, चार की पाच, यावर वाद झाला आणि बोमनला सांगण्यात आलं, तुझं म्हणणं सिद्ध कर. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर! ‘लोगो जरा मोठा करा’ म्हणणारा क्लायंट परवडला, निदान तो आकडेवारी तरी मागत नाही.

पण थांबा. गूगल चुकत होतं का? २०१४मध्ये गूगलच्याच एका अधिकाऱ्यानं सांगितलं की, निळ्या छटांच्या त्या टेस्टिंगमुळे जाहिरातींतून वर्षाला २० कोटी डॉलर जास्त आले. म्हणजे आकडे बरोबर होते. बोमननंही ते कधी नाकारलं नाही. जाताना त्यानं गूगलला दोष दिला नाही, हुशार सहकाऱ्यांची आठवण येईल असंच लिहिलं. प्रत्येक निर्णय डेटानंच होणार असेल, तर तिथे आपलं काय काम, एवढाच त्याचा प्रश्न. मला विचाराल तर तो गूगलसाठी नव्हताच, स्वतःसाठी होता.

पुढे तो ट्विटरमध्ये क्रिएटिव्ह डायरेक्टर झाला, २०१४पर्यंत तिथे होता. गूगलच्या निरोपाचं ते टिपण मात्र त्यानं टाकलं स्टॉपडिझाइनच्याच साइटवर. फ्रीलान्सिंगच्या दिवसांतली ती पाटी गूगलच्या तीन वर्षांतही त्यानं उतरवली नव्हती.