संदर्भसूचीतली तारीख: लाटेकला नेमकं काय सांगायचं?

समजा, तुम्ही प्रबंधात ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना'चा हवाला दिलात आणि कंसात छापून आलं: (शिंदे, १९७५). मराठी न जाणणाऱ्या परीक्षकाला काय वाटेल? सत्तरच्या दशकातल्या स्त्रीमुक्तीच्या लाटेतलं पुस्तक असेल! प्रत्यक्षात ते पुण्यात १८८२ साली छापलेलं. १९७५ हे स. गं. मालशे यांनी काढलेल्या आवृत्तीचं साल. तुमच्या हातात तीच प्रत आहे, पानांचे आकडे तिचेच देताय, म्हणून १९७५ चूक नाही. पण तुमचा मुद्दाच "हे इतक्या लवकर कुणीतरी लिहिलं" असा असेल, तर कंसातला आकडा तुमच्याविरुद्ध साक्ष देतोय.

लाटेकमध्ये यावर उपाय आहे. त्यासाठी आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: तारीख साठवणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. बिब फाइलमध्ये तारीख एकाच साच्यात साठवायची. ती छापताना कशी दिसावी, हे बिबलाटेक पॅकेजच्या पर्यायांनी ठरतं. म्हणून बिब फाइलमध्ये "४ जानेवारी" वगैरे हाताने सजवून लिहू नका.

जुन्या बिबटेकमध्ये साल आणि महिना अशी दोन सुटी फील्डं होती, दिवसाला जागाच नव्हती. बिबलाटेकमध्ये 'डेट' हे एकच फील्ड: आधी साल, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा, म्हणजे १८८१-०१-०४. (इथे आकडे देवनागरीत लिहिलेत, फाइलमध्ये इंग्रजी आकडेच टाका.) दिवस माहीत नसेल तर १८८१-०१ एवढंच लिहा, नुसतं १८८१ सुद्धा चालतं. एकाच नोंदीत 'डेट' आणि 'इयर' दोन्ही असतील तर 'डेट' जिंकतं. जुन्या फाइलींत महिन्याचं पूर्ण नाव महिरपी कंसात लिहिलेलं सापडलं तर तिथे आकडा टाका, नाहीतर बायबर कुरकुर करतो.

आता पुनर्मुद्रणाकडे. मूळ सालासाठी 'ओरिगडेट' हे वेगळं फील्ड आहे. 'डेट'मध्ये १९७५, 'ओरिगडेट'मध्ये १८८२. गोम अशी, की बिबलाटेकच्या मूळ शैली हे फील्ड छापतच नाहीत. तुम्ही इमानदारीत भरता आणि पीडीएफमध्ये काहीच दिसत नाही! एपीए शैली मात्र ते वापरते आणि कंसात १८८२/१९७५ असं जोडसाल येतं. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र यांत काम करणाऱ्यांनी शैली निवडतानाच हे तपासावं असं माझं मत आहे.

दुसरा सापळा वेबपानांचा. पान कधी पाहिलं ती तारीख 'यूआरएलडेट'मध्ये जाते. पानावर स्वतःची तारीख नसेल आणि तुम्ही लेखक-साल शैली वापरत असाल, तर बिबलाटेक साल शोधत खाली खाली जातं: 'डेट' नाही, 'ओरिगडेट' नाही, मग शेवटी 'यूआरएलडेट'. म्हणजे तुम्ही २०२४ मध्ये पान उघडलंत, तर ते लिहिलंच २०२४ मध्ये असं छापलं जातं. 'डिक्लेअर-लेबलडेट' ही आज्ञा प्रीअँबलमध्ये नव्याने लिहून तिच्यातून 'यूआरएलडेट' वगळा, मग "तारीख नाही" असं प्रामाणिकपणे येईल.

याच फील्डची आणखी एक खोड. ते मुळात 'शॉर्ट' रूपात छापलं जातं, आणि भाषा नुसती 'इंग्लिश' असेल तर ती अमेरिकन धरली जाते. ३ जुलै मग ०७/०३ असं येतं, जे आपण सगळे ७ मार्च वाचतो. भाषा 'ब्रिटिश' करा, किंवा 'यूआरएलडेट'चा पर्याय 'लाँग' ठेवा. मी तर लाँगच म्हणेन. महिन्याचं नाव छापलं की वादच नको.

जुन्या मराठी पुस्तकांवर काम असेल तर शकाची भानगड येतेच. मुखपृष्ठावर "शके १८०२", आणि आपण डोळे झाकून ७८ मिळवतो. पण शक बदलतो गुढीपाडव्याला. पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, तेव्हा शके १८०२ चालू होतं. त्यात ७८ मिळवले तर येतं १८८०, म्हणजे पेपर निघायच्या आधीचं साल!

महिना कळत असेल तर 'डेट'मध्ये इसवी तारीख द्या आणि शक 'नोट'मध्ये. महिना कळत नसेल तर १८८०/१८८१ लिहायचा मोह होईल, पण बिबलाटेकच्या दृष्टीने ती तिरकी रेघ म्हणजे "पासून-पर्यंत". दोनांपैकी एक साल, असा तिचा अर्थ होत नाही. त्यापेक्षा 'इयर' फील्डमध्ये "शके १८०२" हा मजकूर जसाच्या तसा लिहा. साल पूर्णांक नाही, क्रम चुकेल, अशी सूचना बायबर देईल. म्हणून सोबत 'सॉर्टइयर'मध्ये १८८० टाका, नोंद आपल्या जागी बसते.

सालच अंदाजे असेल तर आकड्यानंतर नागमोडी रेघ (टिल्ड) लावा, शंका असेल तर प्रश्नचिन्ह. मात्र 'डेटसर्का' आणि 'डेटअनसर्टन' हे पर्याय चालू केल्याशिवाय ती शंका वाचकापर्यंत पोचत नाही, साल ठाम असल्यासारखं छापलं जातं.

हे सगळं बिबलाटेक आणि बायबर असेल तरच. जर्नलने दिलेला टेम्प्लेट जुन्या बिबटेकवर चालत असेल तर त्याच्या नेहमीच्या शैलींना 'डेट' फील्ड समजतच नाही आणि साल गायब होतं. अशा पेपरसाठी बिब फाइलची वेगळी प्रत काढा, तिच्यात 'इयर' भरा, आणि मूळ फाइलला हात लावू नका.