शब्द ऐकू आला पाहिजे!

मध्यमवर्गीय घरात काही वस्तू गरज म्हणून येतात, काही हौस म्हणून येतात आणि काही केवळ शेजाऱ्यांकडे आल्या म्हणून येतात. स्पीकर ही वस्तू बहुधा तिसऱ्या वाटेने घरात शिरते. शेजारी क्रिकेटचा सामना सुरू झाला आणि आपल्या मांडणीवरची भांडी किणकिणू लागली, की घरातल्या तरुण पिढीला आपला टीव्ही एकाएकी मुका वाटू लागतो. मग चौकशा होतात, वॅटांचे आकडे कानांवर आदळतात आणि दहा बाय बाराच्या खोलीत धान्याच्या कोठीएवढा एक काळा डबा येऊन बसतो. तो धमधमतो खूप; परंतु बातम्या देणारी बाई काय म्हणाली, ते काही केल्या कळत नाही!

आमच्या घरी मात्र स्पीकर आले ते गरजेपोटी. सासूबाईंचे वय ७८. गेल्या वर्षभरात टीव्हीच्या आवाजाचा आकडा २० वरून ३० वर आणि ३० वरून ४५ वर गेला, तरी त्यांचे म्हणणे एकच. "ऐकू येतं गं, पण काय म्हणतात ते कळत नाही." मालिकेत काही विनोद झाला आणि सगळे हसले, की त्या आमच्या तोंडांकडे पाहत आणि क्षणभराने हसत. पुढे पुढे त्या बाहेरच्या खोलीत बसेनाशाच झाल्या. "तुम्ही पाहा, माझा जप राहिलाय," असे म्हणून आत जाऊ लागल्या. जप पूर्वीही होता. पण तो संध्याकाळी सातच्या बातम्यांच्या आड कधी आला नव्हता.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची अशी तक्रार असेल, तर पहिली पायरी दुकानाची नव्हे, कानाच्या डॉक्टरांची. श्रवणतज्ज्ञाकडून एक चाचणी करून घ्यावी. कोणत्या पट्टीचे आवाज किती ऐकू येतात त्याचा एक आलेख हाती मिळतो. स्पीकर हा काही श्रवणयंत्राला पर्याय नाही. सासूबाईंची चाचणी झाली, यंत्रही मिळाले. ते त्या देवळात जाताना लावतात आणि घरी आल्यावर डबीत ठेवतात, ही गोष्ट निराळी!

त्या आलेखात मला जे दिसले, ते आम्हां मराठी शिकवणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचे होते. वाढत्या वयात कान प्रथम हरवतो ते उंच पट्टीचे, बारीक आवाज. आता भाषेचा संसार कसा आहे पाहा. स्वरांचा भरदार नाद असतो खालच्या आणि मधल्या पट्टीत; पण शब्दाला शब्दपण देणारी कित्येक व्यंजने असतात वरच्या पट्टीत. 'स'चा सूत्कार तर चार-पाच हजार हर्ट्झच्याही वर पसरलेला असतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाला 'आ' स्वच्छ ऐकू येतो, पण मागे खाट होती, पाट होता की ताट होते, हे कळत नाही. साल आणि शाल एकच होऊन बसतात. जुन्या टेलिफोनवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. त्यामुळे आडनाव सांगताना "समईतला स" असे करावे लागे, ते पुष्कळांना आठवत असेल. आपल्या मराठीत तर आणखी एक खोच. चार या आकड्यातला 'च' वेगळा आणि गुरांच्या चाऱ्यातला वेगळा. 'जरा' म्हणजे थोडेसे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. लिहायला दोन्ही सारखे, फरक फक्त उच्चाराचा. आणि हा फरक आधी नाहीसा होतो तो म्हातारपणीच!

आता यात टीव्हीचा अपराध कोणता? तो असा, की टीव्ही जितका पातळ झाला तितका त्याचा आवाज बाजूला लोटला गेला. हल्लीच्या बहुतेक संचांत स्पीकर बारके असतात आणि त्यांची तोंडे खाली किंवा मागे भिंतीकडे असतात. जाड, खालच्या पट्टीचा आवाज वळसे घेऊनही आपल्यापर्यंत येतो. बारीक आवाज मात्र सरळ रेषेत जाणारा. तो भिंतीवर आपटतो आणि विरतो. म्हणजे म्हातारा कान जे गमावतो, नेमके तेच हा यंत्राचा आळस आणखी गमावतो. आवाज ४५ वर नेला, की वाढतो तो 'आ', व्यंजन नव्हे. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली. त्या काळातल्या लाकडी रेडिओला स्पीकर एकच असे, पण तो ऐकणाऱ्याकडे तोंड करून बसलेला असे. घरात आलेल्या माणसाने असेच बसायचे असते.

आम्ही खर्चाची मर्यादा बारा हजारांची ठरवली आणि एका रविवारी नाशिक गाठले. दुकानदार मोठा उत्साही होता. "ताई, हे घ्या! चालू केलं की अख्खी कॉलनी हलेल."

"कॉलनी नाही हलवायची," मी म्हटले, "शब्द ऐकायचे आहेत."

त्याला हे गिऱ्हाईक विचित्र वाटले असावे. पण ओझरच्या माणसाला मोठ्या आवाजाचे कौतुक ते काय असणार? १९६४ पासून आमच्या गावाला विमानांचा कारखाना आहे. मिगच्या आवाजात एक पिढी वाढली आणि सुखोईच्या आवाजात दुसरी. वायुदलाने शेवटची मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त केली, आणि पुढच्याच महिन्यात येथे तयार झालेले पहिले तेजस आमच्या डोक्यावरून उडाले. आमच्याकडे बोलणारा माणूस विमान येताच वाक्याच्या मध्यावर थांबतो आणि ते गेले, की त्याच शब्दापासून पुढे सुरू होतो. ऐकणाराही तसाच शांतपणे थांबलेला असतो. हा शिष्टाचार इतरत्र कोठे असेल असे वाटत नाही!

वॅटांचे गौडबंगाल मात्र समजून घेतले पाहिजे. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज, असा हिशेब नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो केवळ तीन डेसिबलने, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. आवाज दुप्पट वाटायला वॅट जवळजवळ दसपट लागतात. घरगुती मापाचा चांगला छोटा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर सुमारे ८५ डेसिबल देतो, आणि आपले साधे बोलणे असते साठाच्या आसपास. तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॅट पुरतात. बाकीचे तबल्याच्या थापेसारख्या अचानक उसळीसाठी राखीव. खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजारांचा आकडा असेल तर त्याकडे ढुंकूनही पाहू नये. तो क्षणभराच्या कल्पित उसळीचा असतो. 'आरएमएस' हा आकडा पाहावा. माझ्या मते तोही फार पाहू नये.

एवढ्या पैशांत मिळतात तीन प्रकार. पहिला म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांबट पट्टी, साउंडबार. जागा अजिबात नसेल तर तो वाईट नाही. काहींत बोलणे उठावदार करण्याची सोयही असते. दुसरा प्रकार एक मोठा वूफर आणि त्याची चार-पाच पिल्ले, 'होम थिएटर' या भारदस्त नावाचा. स्वस्तातल्या संचांत ही पिल्ले इतकी किरकोळ असतात, की खालचा सगळा भार वूफरवर पडतो आणि वक्ता घागरीत तोंड घालून बोलतो आहे असे वाटते. शिवाय पाच पिल्ले दहा बाय बारात ठेवायची कोठे? एक तरी देव्हाऱ्याशेजारी जाणार! तिसरा प्रकार म्हणजे दोन लहान लाकडी पेट्या, ज्यांच्यातच अँप्लिफायर बसवलेला असतो. प्रत्येक पेटीत खालच्या आवाजासाठी चार-पाच इंची वूफर आणि बारीक आवाजासाठी इंचभराचा ट्वीटर. इंग्रजीत वूफर हे नाव कुत्र्याच्या भुंकण्यावरून पडले आणि ट्वीटर पाखरांच्या चिवचिवाटावरून. आमच्या गल्लीत भुंकणाऱ्यांची वाण नाही, वाण आहे ती चिवचिवणाऱ्यांची. म्हणून आम्ही तिसऱ्या प्रकाराकडे वळलो.

दुकानदार स्पीकर ऐकवतो ते त्याच्या सोयीच्या गाण्यावर. आपण आपले घेऊन जावे. मी मोबाइलवर चार गोष्टी भरून नेल्या होत्या: मराठी बातमीपत्र, तीन-चार पात्रे एकदम बोलतात असा नाटकाचा प्रवेश, बाईच्या आवाजातले एक भावगीत आणि थोडा पखवाज. सासूबाईंना खुर्चीवर बसवले. हळू आवाजात बातम्या लावल्या आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबवून विचारले, "काय म्हणाली?" पहिल्या दोन संचांवर त्या अंदाज बांधत होत्या. तिसऱ्यावर त्यांनी वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि वर शेरा मारला, "हिचे उच्चार बरे नाहीत." मी तेथेच बिल करायला सांगितले.

पण स्पीकर घेणे हे अर्धेच काम. उरलेले अर्धे खोलीत होते, आणि त्याला पैसे लागत नाहीत. दोन स्पीकर का हवेत, तर आपल्याला कान दोन आहेत म्हणून. १९३१ साली लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन नावाचा अभियंता भावी पत्नीसह चित्रपट पाहायला गेला. पात्र पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलत्याच टोकाकडून, हे त्याला खटकले, अशी हकीकत सांगतात. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने दोन मार्गांच्या ध्वनीच्या, म्हणजेच स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्या ज्या ईएमआय कंपनीच्या, तिच्यातच तो नोकरीला होता. १९४२ मध्ये रडारची चाचणी घेत असताना विमान कोसळून तो गेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. आमच्या विमानांच्या गावात बसून हे वाचताना बरे वाटत नाही.

दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. आमच्याकडे स्पीकरांत साडेपाच फूट अंतर आहे आणि दिवाण त्यांच्यापासून सहा फुटांवर. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा आणि पेट्यांची तोंडे किंचित आत, ऐकणाऱ्याकडे वळलेली असावीत. भिंतीपासून निदान वीतभर अंतर सोडावे. कोपऱ्यात तर स्पीकर ठेवूच नये; तेथे खर्ज फुगतो आणि शब्दांवर बसतो. बारा फुटांच्या खोलीला स्वतःचा एक सूर असतो, साधारण ४७ हर्ट्झचा. त्या सुरापाशी खोली घुमते. टीव्हीचे कपाट पोकळ असेल तर तेही सुरात सूर मिसळते. पेट्यांखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, आणि ते गप्प झाले.

दिवाळीपूर्वी रंग देताना खोली रिकामी केली, की आपलाच आवाज कसा घुमतो हे सर्वांनी अनुभवले आहे. गुळगुळीत फरशी, कोऱ्या भिंती आणि काचेच्या खिडक्या आवाज परत फेकतात. आधीचा शब्द जिरण्यापूर्वी पुढचा येतो. यावर विकतचे उपाय पुष्कळ आहेत. मी खिडकीला जाड पडदा लावला, जमिनीवर सतरंजी अंथरली आणि आतल्या खोलीतली पुस्तकांची मांडणी बाहेर दिवाणामागे आणली. उंचसखल पुस्तके आवाज छान विस्कटून टाकतात. आमच्या ह्यांच्या मते माझी पुस्तके प्रथमच घराच्या उपयोगी पडली.

जोडणीविषयी थोडे. खरेदीपूर्वी टीव्हीच्या पाठीमागे कोणत्या खाचा आहेत ते पाहून ठेवावे. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतो, असे पुष्कळदा होते; ओठ पाहून समजून घेणाऱ्या माणसाला हे फार त्रासाचे. म्हणून तारच बरी. ऑप्टिकल तार लावून आवाज आला नाही, तर टीव्हीच्या ध्वनीच्या यादीत 'पीसीएम' निवडावे. दहापैकी नऊ वेळा तेवढेच अडलेले असते. पण शक्य असेल तर 'एचडीएमआय आर्क' असलेला जोड घ्यावा. कारण मग टीव्हीच्याच रिमोटने स्पीकरचा आवाज कमीजास्त होतो. वृद्ध माणसाच्या हाती दुसरा रिमोट देणे म्हणजे त्याला पुन्हा कोणाला तरी हाक मारायला लावणे. सासूबाईंना आता हाक मारावी लागत नाही. आवाजाचा आकडा बेताचाच असतो, सात वाजता त्या बाहेर असतात आणि मालिकेतल्या मंडळींचे उच्चार रोज तपासतात. जप साडेपाचला होतो.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. शब्द स्वच्छ असेल तर दहानंतर आवाज कमी करायला जीवावर येत नाही. शेजारचे काका परवा कुंपणावरून म्हणाले, "सूनबाई, टीव्ही बिघडलाय का? हल्ली आवाज येत नाही." मुलाला मात्र अजून एक वूफर हवा आहे. त्याला सांगितले आहे, परीक्षेनंतर पाहू. आणि स्पीकरच्या मागे त्यासाठी खाच आहे हे त्याने आधीच पाहून ठेवले आहे.