केशपेशींचे रूप आणि आपले ऐकणे

आजोबांना हाक ऐकू येते. मात्र 'सात' म्हटलेले 'हात' वाटते. 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही' ही तक्रार आपण वयावर किंवा त्यांच्या दुर्लक्षावर ढकलतो. तिचे मूळ अनेकदा आंतरकर्णातील केशपेशींमध्ये असते.

शंखासारखी वळलेली कॉक्लिया ही नलिका म्हणजे आपले श्रवणेंद्रिय. तिच्यातील सुमारे ३,५०० आंतर केशपेशी चंबूच्या आकाराच्या असून एका रांगेत असतात. ध्वनीचा संदेश मेंदूकडे मुख्यतः त्याच पाठवतात. बाह्य केशपेशी सुमारे १२,०००. त्या दंडगोलाकार असून बहुधा तीन रांगांत उभ्या असतात. ध्वनीच्या तालावर आखडून व लांबून त्या क्षीण आवाजाला बळ देतात.

या बाह्य पेशींची उंचीही सर्वत्र सारखी नसते. नलिकेच्या मुखाशी त्या आखूड, तर शिखराकडे त्याहून दुप्पट-तिप्पट लांब असतात. त्यांच्या माथ्यावरील सूक्ष्म रोमही तसेच वाढत जातात. स्वरमंडळाच्या आखूड तारांतून उंच स्वर उमटावेत, तसे मुखाजवळ २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे तीव्र स्वर टिपले जातात आणि शिखराशी २० हर्ट्‌झच्या आसपासचे खर्जातले. शेजारच्या तोलसांभाळ करणाऱ्या अवयवांतही चंबूसारख्या व दंडगोलाकार अशा दोन प्रकारच्या केशपेशी आढळतात.

वार्धक्य, सततचा गोंगाट आणि जेंटामायसिनसारखी काही औषधे यांचा आघात प्रथम मुखाजवळच्या बाह्य पेशींवर होतो. म्हणून 'स', 'श' यांसारखी उंच कंपनांची व्यंजने आधी हरवतात. स्वर मात्र ऐकू येत राहतात. माणसाच्या कानातील नष्ट झालेल्या श्रवणपेशी पुन्हा उगवत नाहीत.

तेव्हा अशा ज्येष्ठांशी ओरडून नव्हे, तर समोर बसून, सावकाश व स्पष्ट बोलावे आणि त्यांची श्रवणचाचणी करून घ्यावी. तान्ह्या बाळाच्या बाह्य केशपेशींची तपासणी वेदनारहित चाचणीने काही मिनिटांत होते. इअरफोनचा आवाज मर्यादित ठेवावा. ढोल-ताशाच्या पथकातील मुलांनी कानात बोळे अवश्य घालावेत. औषधे स्वतःहून बंद करू नयेत, परंतु कानात गुणगुण सुरू झाल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगावे. जन्मतः मिळालेली ही पुंजी आयुष्यभर पुरवायची आहे.